घासलेलं नाणं

जुन्या मित्राच्या, विनायकच्या, पत्राला मोरेश्वरांनी उत्तर धाडलंच नव्हतं. पत्र जपानमध्ये, इचिकावाच्या फ्लॅटमध्ये आलं ते पुण्याला जाऊन आलेल्या मुलाच्या, नचिकेतच्या हाती. सोबत एक सोन्याचं नाणं.

“मोऱ्या, पुण्यातले संग्राहक मला लबाड म्हणतात. तू बघ आणि खरं की खोटं ते एका ओळीत लिही. तुझं ऐकतील.”

नाणं कॅलिफोर्नियातलं, सोनं सापडल्यानंतरच्या धामधुमीतलं. सरकारी टांकसाळ फार दूर, म्हणून तिथले सोन्याचे पारखी आपल्याच नावाने नाणी पाडत. त्यामागे राज्य नव्हतं, फक्त पाडणाऱ्याची पत. मोरेश्वरांनी ते तोललं, भिंगाखाली धरलं, पुस्तकांशी ताडून पाहिलं. अस्सल होतं. पण जाणकारांनी खोटं ठरवलेलं नाणं आपण, एका निवृत्त ग्रंथपालाने, खरं म्हणायचं? आपलंच चुकलं तर? आज लिहू, उद्या लिहू करता करता विनायक गेला. संग्राहकांनी साधी शोकसभाही घेतली नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला सुनेने, नयनाने, ते नाणं चिंचेने घासलं.

“बाबा, किती मळलं होतं! आता बघा, कसं लख्ख झालं.”

मोरेश्वरांनी भिंग काढलं. घासलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाहीत. भिंगाखाली ओरखडेच ओरखडे दिसत होते. विनायकची उरलीसुरली बाजूही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरखडे नव्हते. नाण्यावरच्या गरुडाच्या पंखांत जुना मळ होता तसा बसलेला, आणि त्यावर एका अंगठ्याचा तेलकट ठसा.

“घासल्यावर मी नाही हं हात लावला,” नयना म्हणाली. “तुम्हीच दिवसभर कुरवाळत बसता त्याला.”

तिने ते त्यांच्यादेखत पुन्हा घासलं, नळाखाली धरलं. वाहत्या पाण्यातच ठसा हळूहळू वर आला. मधोमध आडवी, सरळ रेघ.

नाणं तिच्या हातून सिंकमध्ये पडलं.

“बाबा, काय आहे हे?”

मोरेश्वरांनी स्वतःचा अंगठा पाहिला. रेघ नव्हती. कारखान्यात पत्र्याने चिरला होता तो विनायकचा अंगठा.

ते खोलीत गेले. कागदावर लिहिलं, “नाणं अस्सल आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” पाकिटावर नाव विनायकचंच घातलं. दुसऱ्या कुणी विचारलंच कुठे होतं?

स्टेशनजवळच्या लाल टपालपेटीच्या फटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं. आणि हात थबकला. अजून एकदा तोलून पाहावं का?

पाकीट त्यांनी सोडलं नव्हतं.

ते आतून कुणीतरी, जाणकार नाणं धरतात तसं कडेला धरून, हलकेच काढून घेतलं.