कातरीची जागा

सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. डिचोलीबाहेरच्या एका जुन्या ट्रक गॅरेजात विमानाचा उजवा पंख चिरलेला आढळला. दाराचं कुलूप शाबूत होतं.

विमान १९३४ सालचं. दोन आसनं, लाकडी सांगाडा, कापडी पंख. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबातून ते खनिजाच्या गोदामात आलं आणि साठ वर्षं वाळवीच्या हवाली राहिलं. गॅरेजचे मालक कृष्णनाथ सहा वर्षं ते पुन्हा उभं करत होते. गुरुवारी पंखांवर कापड शिवून झालं. रोगण तेवढं चढवायचं होतं. महिनाअखेर त्यांची पायलट मुलगी सेजल ते उडवणार होती.

किल्ल्या तिघांकडे: कृष्णनाथ, राखणदार विठू आणि पेडण्याची सुलोचना. मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकांच्या छत्र्या शिवणाऱ्या सुलोचनानेच पंख शिवले होते.

कृष्णनाथांनी संशय लगेच बोलून दाखवला. "विठू खाणीवर ट्रक चालवायचा. डिझेल चोरून काढणाऱ्यांतला. सवय जाते थोडीच?"

उपनिरीक्षक तेजस्विनी गावस यांनी विठूला समोर बोलावलं.

"काल कुठे होतास?"

"फाटकारच. खंयच गेलंय नाय."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्याच्या खिशात सावंतवाडीच्या बसचं कालचं तिकीट निघालं. विठूने मान खाली घातली. मुलीला बघायला पाहुणे आले होते, रजा मिळाली नसती, एवढंच तो म्हणाला. खोटं बोलला म्हणून त्याला पोलिसांच्या जीपमध्ये बसवलं. सुलोचना दाराशी उभी होती.

तेजस्विनी पंखाकडे परतल्या. मधोमध हातभर चीर. पण मागच्या कडेची शिवण टोकापासून टोकापर्यंत उसवलेली होती आणि कापड कुठेही ओढलेलं नव्हतं. जमिनीवर दोऱ्याचा एक तुकडा नाही. मेजावर एका काडीला मेणदोरा नीट गुंडाळलेला. त्याला इंचाइंचावर टाक्याची मुरड.

भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराची आकृती त्यावर रंगवलेली. पंख बंद करण्याआधी सगळी हत्यारं जागेवर पाहायची आणि वहीत सही करायची, हा नियम. गुरुवारची सही सुलोचनाची. आता सगळ्या जागा भरलेल्या होत्या. कातर मात्र तिच्या आकृतीपेक्षा दोन बोटं लहान होती.

"सुलोचनाताई, ही कातर कधीची?"

"जुनीच."

"जुनी मोठी होती."

"म्हापशाची. शुक्रवारच्या बाजारातली."

तेजस्विनींनी कृष्णनाथांना बोलावून घेतलं.

"चोर पंख चिरतो, उसवत नाही. उसवलाच तर दोरा गुंडाळून ठेवत नाही. ही शिवणाऱ्या हाताची सवय. आत काहीतरी शोधायचं होतं, आणि काय ते फळाच सांगतो. गुरुवारी जागा न पाहताच सही झाली. शुक्रवारी कातर नाही, ती पंखातच राहिली असावी हे कळलं, दुसरी आणून टांगली. काल फाटकावर कोणी नव्हतं, तेव्हा पंख उघडला. पेडण्याच्या संध्याकाळच्या बसपर्यंत परत शिवून होईना. मग चीर मारली, चोर आला असं वाटावं म्हणून."

सुलोचना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बाय, तीस वर्सां शिवतंय. कातर कधी हरवली नाय. सांगूक लज दिसली."

"आणि विठूला नेलं तेव्हा?"

"तेव्हा जास्तच."

कृष्णनाथ उघड्या पंखाशी गेले. पंखाच्या पोटातून विमान वळवायची तार जाते. कातर त्या तारेत अडकली असती तर सेजलला विमान वळवता आलं नसतं.

"मिळाली का?" त्यांनी विचारलं.

"उजव्यात नाय."

दुपारी विठूला सोडलं. कृष्णनाथ स्वतः चौकीवर गेले, गाडीचं दार उघडून उभे राहिले. विठू गाडीत न बसता त्यांच्या बाजूने चालत निघून गेला.

मंगळवारी सकाळी विठूची किल्ली फाटकाच्या कडीला अडकवलेली होती. संध्याकाळी साडेपाचपर्यंत सुलोचनाने डाव्या पंखाच्या फासळ्यांमधले चौदापैकी अकरा खण उघडले होते. कातर सापडली नव्हती.