माझ्या आधी धावणारी

क्लबच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेले ती चुकून. एका आजोबांचा दुरुस्त केलेला चष्मा पोचवायला दुकानातून निघाले होते, फाटक चुकलं, आणि धावत येणारा एक जण थेट माझ्यावर आदळला. तो बसचालक. लागलं का, म्हणून त्याने तीनदा विचारलं... आणि पुढच्याच रविवारपासून मी क्लबात धावायला लागले. एवढ्या पहाटे उठतेस म्हणजे नक्की काहीतरी आहे, असं आई म्हणालीसुद्धा.

शर्यतीच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. गवतावर दव गोठलेलं. आमचा तिघांचा संघ — आधी तो, मग क्लबात नवी आलेली दातांची डॉक्टर, शेवटी मी. प्रत्येकाने टेकडीला वळसा घालून यायचं आणि पुढच्याच्या हाताला हात लावायचा.

डॉक्टर देखणी, वर वेगवान. तिने त्याच्या छातीवर नंबराचा कागद टाचला, तो काहीतरी बोलला, ती हसली... माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले.

फेरी संपवून त्याने तिच्या हाताला हात लावला. एवढा वेळ लागतो का हात लावायला?

ती परतली ती लंगडत. अर्ध्या वाटेत पाय मुरगळला होता, तरी थांबली नव्हती. तिचा हात बर्फासारखा गार लागला. मला माझीच लाज वाटली — पण मत्सर काही कमी झाला नाही. त्या भरात मी दुसऱ्या संघांतल्या तिघांना मागे टाकलं.

शेवटच्या रेषेवर येऊन बघते, तर तो तिच्या पायाला पट्टी बांधत होता.

"मी आले ते तरी पाहिलंस का?"

"चढावर पाहिलं, उतारावर पाहिलं. एवढी का चिडलीयेस?"

"सकाळपासून जळतेय मी." धाप लागली होती, खोटं सुचेना. "तिच्यावर... तुझ्यामुळे."

तो पट्टीचं टोक धरून तसाच राहिला. "मला वाटायचं, तू फक्त धावायला येतेस."

"मला धावणं आवडतसुद्धा नाही."

"आधी पट्टी पुरी करा," डॉक्टर बाकावरून शांतपणे म्हणाली, "मग काय ते बोला. मला थंडी वाजतेय."

दोन्ही बाजूंनी आधार देत आम्ही तिला गाडीकडे नेलं. तिच्या पाठीमागून त्याची बोटं माझी बोटं शोधत आली... मी घट्ट धरली. गाडी आणखी जरा लांब उभी असती तर बरं झालं असतं.