क्रॅडॉकसाहेबांच्या स्मारकावरची होडी

हे घडलं १९५७ साली, ऑगस्टच्या सुट्टीत. फिजी बेटांवरच्या लेवुका बंदराच्या धक्क्यावर क्रॅडॉकसाहेबांचं स्मारक उभं राहत होतं. साहेब म्हणजे खोबऱ्याचे बडे व्यापारी, नगराध्यक्ष, शिवाय कायदेमंडळाचे सभासद. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. चौथऱ्यावर एक होडी आणि खाली पितळी पाटी.

बारा वर्षांच्या सेरेइमाने पाटी वाचली आणि तिचे कान तापले. ‘वादळात स्वतः बांधलेल्या होडीतून यांनी एकोणीस खलाशी वाचवले.’

“खोटं! होडी आजोबांची आहे!”

खलाशी वाचवले होते तिच्या आजोबांनी, तेवितांनी. पण ते परदेशी खलाशी आठवड्यात निघून गेले. मग साहेबांनी होडी आपलीच म्हणून ओढून नेली. वर तेवितांना चोर ठरवून धक्क्यावरचं कामही काढून घेतलं. पाच वर्षं आजोबा मान खाली घालून चालत होते.

“पाटीला डांबर फासू!” तिचा चुलतभाऊ वाइसाके म्हणाला.

“म्हणजे आजोबांसारखं आपल्यालाही गुन्हेगार ठरवायला ते मोकळे! छे! साहेबांच्या मुलाची, त्या लायोनेलची, मान खाली गेलेली बघायचीय मला. भर गर्दीत!”

मैत्रीण मिली होडीखाली शिरली होती. होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेला ओंडका काथ्याच्या दोरीने आवळलेला होता. “सेरे, या दोरीला टोकच नाही गं!”

“असतं. आमच्या लाऊ बेटांवर बांधणारा ते आत लपवतो. कुठे, ते फक्त त्यालाच ठाऊक.”

तिघं एकमेकांकडे बघून हसली. ते हसू काही साधं नव्हतं!

शनिवारी स्मारकाच्या अनावरणाला बँड वाजला. भाषण करताना लायोनेल रंगात आला. “यातली प्रत्येक गाठ माझ्या वडिलांच्या हातची! मलाही शेजारी बसवून शिकवलीय!”

सेरेइमा ताडकन उठली. “साहेब, मग एक सोडून दाखवा ना!”

“दाखवा की,” गावचे मुखिया म्हणाले. “पुन्हा बांधता येईल.”

लायोनेलने दोरी ओढली, ढकलली, नखं मोडून घेतली. शेवटी त्याने खिशातून चाकू काढला.

“अरे वा! वडिलांनी हेच शिकवलं वाटतं!” वाइसाके ओरडला. सगळा धक्का हसला.

मुखियांनी हाक मारली, “तेविता, ये बघू इकडे.”

आजोबा कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या सुलूला हात पुसत पुढे आले. नजर समुद्राकडे ठेवूनच त्यांनी तिसऱ्या वेढ्याखाली अंगठा सरकवला. सर्रकन दोरी उलगडली!

मग मुखिया म्हणाले, “या माणसाला आम्ही चोर म्हणत राहिलो. काढा ती पाटी! पोरांनो, आम्हा मोठ्यांचे डोळे उघडलेत तुम्ही.”

लायोनेलची हनुवटी कॉलरला टेकली होती. “अजून खाली,” सेरेइमा पुटपुटली.

नव्या पाटीवर तेवितांचं नाव आलं. आजोबा पुढे चार वर्षं जगले, ताठ मानेने. वाइसाके बेटांमधल्या बोटीचा कप्तान झाला. मिली सिडनीला गेली, तिथून तिची पत्रं येतात. लायोनेलने दुकान विकून न्यूझीलंड गाठलं. सेरेइमा शाळेत बाई झाली. आजोबा गेल्यावर दोन वर्षांनी लायोनेलचं माफीचं पत्र आलं. तिने ते एकदा वाचलं. उत्तर तिने दिलं नाही. आज विचारलं तरी म्हणते, देणार नाही.