तेल वाळेपर्यंत

पुलाचा जिना चढताना तिच्या पांढऱ्या बाहीवर टपकन एक तपकिरी थेंब पडला. मग दुसरा. तिनं वर पाहिलं. एक उंच तरुण खांद्यावर सायकल घेऊन पुढे चालला होता आणि सायकलीतून पाणी ठिबकत होतं. पाऊस तर केव्हाच थांबला होता.

"अहो!"

तो गर्रकन वळला, खांद्यावरची सायकलही वळली, आणि मागचं चाक तिच्या नाकाजवळून गेलं. बाहीवरचे डाग पाहून त्याचा चेहरा असा उतरला की तिचं रागावायचंच राहून गेलं.

"सॉरी... मी धुऊन देतो. म्हणजे – आत्ता नाही... म्हणजे फक्त बाही..."

तिनं तो थेंब चिमटीत चोळून पाहिला. "बाहीचं सोडा. तुमची सायकल आतून गंजतेय."

"शक्यच नाही. रोज पुसतो मी."

"बाहेरून."

पहिल्या भेटीत असं कुणी बोलत नाही. पण ती आत्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात वाढलेली. सायकलींचा विषय निघाला की तिच्या जिभेला हाड नसायचं. स्वतःचा विषय निघाला की मात्र मिठाची गुळणी. या पोरीच्या पोटातलं ओठांवर यायला कुदळ लागेल, असं आत्या म्हणायची.

दुसऱ्या दिवशी स्वारी सायकलीसह दुकानात हजर. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून आत्यानं त्याला लगेच 'मास्तर' करून टाकलं. सायकल त्याच्या आईची. आयुष्यभर ती त्याच सायकलीवरून नोकरीला गेली होती, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिनं ती लेकाच्या हवाली केली होती. जिवापलीकडे जप, असं बजावून.

तिनं सायकल उलटी केली. दोन्ही पायडलांच्या मधे, फ्रेमच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. ते मेणानं गच्च बुजवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच," तो अभिमानानं म्हणाला. "पाणी आत जाऊ नये म्हणून."

"मास्तर, पाणी शिरतं सीटखालून. हे भोक ते बाहेर पडायला असतं. तुम्ही येणाऱ्याला दार उघडं ठेवलंत आणि जाणाऱ्याच्या तोंडावर कुलूप घातलंत!"

तो मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे मी एवढी काळजी घेऊन घेऊन..."

"हो. जरा कमी घेतली असती तर बरं झालं असतं."

आत्यानं हसू खोकल्यावर निभावून नेलं.

फ्रेम वाचण्यासारखी होती. तिनं सगळे भाग सुटे केले, आतला गंज घासून काढला, नळ्या कोरड्या ठणठणीत केल्या. मग जवसाचं तेल. ते नळ्यांत ओतायचं आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची. आत पातळ थर बसतो, वाळला की कातडीसारखा चिकटून राहतो आणि गंजाला जवळ येऊ देत नाही. फक्त फिरवताना प्रत्येक भोकावर कुणाचं तरी बोट हवं.

"इथे अंगठा. तिथे नाही, इथे... हां. आता सोडू नका."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि तुम्ही सांगितलंच नाही तर?"

तिनं फ्रेम फिरवायला घेतली. फ्रेम कलली, आतून तेल सावकाश सरकल्याचा आवाज आला. त्याचा अंगठा निसटला आणि तेलाचा ओघळ दोघांच्या मनगटांवरून खाली गेला. दोघंही हसले. हात मात्र कुणीच काढून घेतला नाही.

"लवकर वाळेल ना?" तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात मला दुसऱ्या गावी रुजू व्हायचंय. मोठी शाळा आहे."

 आणि गिऱ्हाइकाशी कधीच खोटं न बोललेली ती मुलगी म्हणाली, "वाळेल. पण रोज संध्याकाळी फ्रेमची कूस बदलावी लागते. नाहीतर तेल एकाच बाजूला बसतं. आणि... त्याला दोघं लागतात."

आत्यानं कपाटाआडून डोकं वर काढलं, भाचीकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. धादांत खोटं होतं ते. जास्तीचं तेल निथळलं की फ्रेम खिळ्याला टांगायची आणि विसरून जायचं, बस्स.

तो रोज यायचा. कूस बदलायला एवढासा वेळ लागायचा, पण त्याचा पाय काही निघायचा नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तो तिच्या पान्यांची चित्रं काढायचा. ती चेन साफ करता करता बोलत राहायची. स्वतःच्या हातानं नवी फ्रेम जोडायची आहे, नळी कापण्यापासून रंग देण्यापर्यंत सगळं आपणच करायचं आहे, हे तिनं आत्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगून बसली. तेलाचा वास मात्र रोज कमी होत चालला होता. काम झकास झालं होतं, म्हणजे तो ठरल्या दिवशी जाणार होता.

शेवटच्या संध्याकाळी तिनं नळीच्या तोंडाशी बोट लावून पाहिलं. चिकटलं नाही. अजून ओलं आहे म्हणायला काय जात होतं? शब्द अगदी जिभेवर आला होता.

"वाळलंय," ती म्हणाली. मग एका दमात, "आधीच वाळलं होतं. आणि कूस बदलायची गरजच नव्हती, एकदाही नाही. खोटं बोलले मी. तुम्ही यावं म्हणून. मला तुम्ही आवडता... झालं सांगून. आता जा, नाहीतर मी रडेन आणि ही पुन्हा गंजेल."

तो हसला नाही. "मला माहीत होतं."

"काय?"

"कूस बदलायचं. पहिल्याच संध्याकाळी आत्यांनी मला दारात गाठलं. म्हणाल्या, मास्तर, उगाच हेलपाटे घालू नका, काम झालंय."

"आणि तुम्ही...?"

"मी म्हटलं, आत्या – पाया पडतो, तिला सांगू नका."

तिचे कान लालबुंद झाले. हसावं की पाना फेकून मारावा, तिला कळेना. "पण... तुम्ही जाणार."

"जाणार. शब्द दिलाय शाळेला. पण शनिवारी शाळा सुटली की मिळेल ती गाडी पकडून इकडेच येईन." त्यानं फ्रेमवर हात ठेवला. "सायकल इथेच राहू दे. तू चालव. आईला सांगितलं मी, एका मुलीकडे ठेवतोय म्हणून. ती म्हणाली, नुसती सायकल काय ठेवतोस, तिला विचार तरी!"

तिनं तेलकट हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. मग त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"मग विचार ना," ती म्हणाली.