धाकटीचं घर

नव्या टाकीच्या कट्ट्यावर मी पाय ठेवला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "तो टाकी ओला आहे."

खाली पाहिलं तर सिमेंटमध्ये माझं अख्खं पाऊल उमटलेलं.

"टाकी ती असते," मी म्हणाले. "आणि हे आधी सांगायचं असतं."

"आधी सांगितलं असतं तर… तू थांबली नसतीस."

तो रेमसांगा. आमच्या खासी गावातल्या मिझो मिशनऱ्याचा, बाबूंचा, सगळ्यांत धाकटा मुलगा. आई-वडील दोन वर्षांपूर्वीच आले होते. हा नळजोडणीचं काम शिकून नाताळात आला, आणि बाबूंनी त्याला झऱ्याचं पाणी गावात आणायच्या कामाला जुंपलं. चर खणायला चर्चमधल्या आम्ही बायका होतो. तो उतारावरून पाइप वाहायचा आणि आमची भाषा मोडून तोडून बोलायचा. मी चुका सुधारायचे. पुढे पुढे मला संशय येऊ लागला, की तो मुद्दाम चुकतो.

"आज ढग खाली आली," एका सकाळी तो म्हणाला.

"ढग आला. आली ती मी."

"मग अर्धं तरी बरोबर होतं…"

बायका पदराआड हसल्या. मी कुदळ उचलली आणि उगाचच जोरजोरात खणत सुटले.

एप्रिलात गावात पाणी आलं. पुढच्याच आठवड्यात बाबूंच्या बदलीचं पत्र आलं. आसामच्या बाजूचे डोंगर, दोन दिवसांची वाट. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि त्याच्या आईचे, पी थानपारींचे (मिझोत 'पी' म्हणजे बाई), गुडघे चढ-उताराला पार थकलेले.

चर्चच्या मागे उरलेले पाइप बांधता बांधता रेम म्हणाला, "आमच्यात धाकटा मुलगा आई-वडिलांना सांभाळतो. घरही त्याचंच. आमचं घर कुठलं… मिशनच्या क्वार्टरातच जन्म गेला. पण ती दोघं माझी आहेत."

मला हसूच आलं. आमच्यात घर धाकट्या मुलीला मिळतं. आईला तीच सांभाळते, नवरा तिच्या घरी नांदायला येतो. आणि चार बहिणींत धाकटी मी. त्याला सांगितलं तसा तोही हसला. मग लक्षात आलं: त्याला आई-वडील सोडता येणार नाहीत, आणि मला घर.

मैत्रिणी म्हणाल्या, त्याला थांबवून घे. मी नाही थांबवलं. ज्याला आईचे गुडघे विसरता आले असते, त्याला उद्या मलाही विसरता आलं असतं.

रेमबरोबर त्याच्या आई-वडिलांनाही आपल्या घरी आणता येईल का, हे विचारायला मी मामाकडे गेले. मामाला विचारल्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही. त्याने सुपारी तोंडात टाकली आणि ती चघळून संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घर धाकटीला का देतात? लाडकी असते म्हणून नव्हे. ज्याला कुठेच जागा नाही, त्याला जागा असावी म्हणून."

मेईला, माझ्या आईला, ते पटेना. "ते पहाटे मोठ्याने प्रार्थना करतात. कोंबड्याच्याही आधी," ती कुरकुरली. पण दुपारी मागची खोली झाडताना दिसली.

रविवारी मी बाबूंना आणि पी थानपारींना चहाला बोलावलं. रेमही मागून आला. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. चहा ओतून झाला तशी मी बोलले: सध्या तिघंही जा, तीन वर्षं होऊ द्या, मग तिघंही इथे या… कायमचे.

बाबूंनी हातातली तांदळाची वडी परत बशीत ठेवली. "आम्ही द्यायला जातो, मुली," ते म्हणाले. "घ्यायची सवय नाही."

पी थानपारी मिझोत हळूच काहीतरी बोलल्या. रेमने मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं लोकांना शिकवलंत, परक्याला घरात घ्या म्हणून. आता कुणी घेतंय, तर तुम्हालाच जमेना."

बाबू उठले आणि मागच्या खोलीत गेले. दारातून दिसलं, टाचेला अंगठा लावत भिंतीलगत पावलं मोजत होते. पुस्तकांची पेटी बसते का, ते पाहत असावेत. मग तिथूनच त्यांनी मेईला विचारलं, पहाटेच्या प्रार्थनेचा त्रास तर होणार नाही ना.

"कोंबड्याला सांगून ठेवू," मेई म्हणाली.

मी किटली भरायला चुलीपाशी गेले. रेम मागे येऊन उभा राहिला.

"सगळ्यांना विचारलंस. मला कुणी विचारलंच नाही."

"आमच्यात नवऱ्याला शेवटी विचारतात."

"मग विचार."

मी किटलीचं झाकण उगाचच उघडून पाहिलं.

"तीन वर्षांनी… येशील?"

त्याने माझ्या हातातली किटली घेतली, आत गेला आणि मेईच्या पेल्यात चहा ओतू लागला. आमच्याकडे पाहुणा कधी चहा ओतत नाही. मेईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि पेला पुढे सरकवला.