सकुबाईंचा होकार

मुरबाडला निघालेल्या जीपमध्ये मी शेजारी बसलेल्या तरुणाला विचारलं, "धसईच्या सकुबाई कुठे राहतात, माहीत आहे?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय काम हाय त्यांच्याकडं?"

"ते त्यांनाच सांगायचंय."

"मग मला बी कळंलच... मी त्यांचाच मुलगा. दिपेश."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. तो गालातल्या गालात हसत होता.

ही २००३ सालची गोष्ट. मी, भूमिका, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. वर्षभरापूर्वी सकुबाईंच्या कानाच्या नसेवरची गाठ काढली, तिचा तुकडा आमच्याकडे आला. त्यात नसेला वेढून जपणाऱ्या पेशी होत्या. अशा पेशी बाटलीत थोडे दिवस वाढतात आणि थांबतात. या थांबल्याच नाहीत! त्यांच्यापासून कायम वाढत राहणारी सेल लाइन तयार होत होती. पुढे तिच्यावर औषधं तपासता आली असती. पण सकुबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

धसईला घरी त्यांनी माझं सगळं ऐकलं, चहा दिला आणि नकारार्थी मान हलवली. "नको गो बाय. मी गेल्यावर बी माझ्या आंगातलं बाटलीत जितं राहायचं... नको."

"बरं. मग आम्ही त्या टाकून देऊ." आवाज सांभाळला मी, डोळे नाही सांभाळता आले.

दिपेश जीपपर्यंत सोडायला आला. "तुमी आणखी समजावलं का नाय?"

"त्यांच्या पेशी आहेत. त्या नाही म्हणाल्या की झालं."

जीपपाशी तो थांबला. "टाकायच्या आधी... आईला एकदा दाखवाल?"

गुरुवारी मायलेक प्रयोगशाळेत आली. भातसा धरणावरच्या नोकरीतून त्याने रजा काढली होती. सकुबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ हलल्या नाहीत.

"वाऱ्यानं भाताचं आवण कलावं तशा कलल्यात सगळ्या... यांना खायला कोण घालतो?"

"मीच. दर तीन दिवसांनी."

"रविवारी बी?"

"रविवारीसुद्धा."

"आन् तू कवा जेवतेस गो?" त्यांनी संमतीचा कागद पुढे ओढला आणि अक्षर अक्षर लावून सही केली. "टाकू नको. कुणाला तरी गुण येऊ दे."

पुढच्या गुरुवारी दिपेश एकटाच आला. "आई विचारते, पेशी कशा हायत?" त्याच्या पुढच्या गुरुवारी करवंदं घेऊन आला. विचारणं तेच.

"फोन करता आला असता," मी म्हटलं.

"फोनवर तुमी दिसत नाय."

चौथ्या खेपेला मात्र दारातच घुटमळला. "आज आईनं नाय पाठवलं. म्हणाली, माझं नाव सांगून किती दिवस जाशील?"

"मग आज कुणाचं नाव?"

"माझंच. मला... मला तुमी आवडता."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला आम्ही दोघंही वाकलो.

"ते तुमी-तुमी पुरे आता," मी हळूच म्हटलं. "रविवारी बाबा घरी असतात. कल्याणला ये."

"पहिल्या एसटीनं येऊ?"

"इतक्या लवकर बाबा उठतसुद्धा नाहीत!"

तो पहिल्याच एसटीनं आला. दार मीच उघडलं.