उजवीकडे सरकणारा आवाज

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या धंद्यात चालत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा अंगणच वाकडं असतं. माणसं आयुष्यभराची हौस म्हणून छातीएवढे उंच, महागडे स्पीकर घेतात आणि कोपऱ्यात कोंबून ठेवतात. मग मला बोलावतात. मी खोली मोजते, स्पीकर चार बोटं पुढेमागे करते, कुठे गालिचा टाकायला सांगते. निम्मा आवाज स्पीकरचा, निम्मा खोलीचा, हे लोकांना पटवण्यात माझी वीस वर्षं गेली.

त्या दिवशी डोळ्यांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. वस्तीच्या टोकाचं घर, घरात ते एकटेच. गाणं ऐकायची खोली मात्र अशी, की मला शिकवायला काही उरलंच नव्हतं. दोन्ही भिंती सारख्याच अंतरावर, दोन्हीकडे तेच जाड पडदे, समोर एकच खुर्ची. आत पाऊल टाकलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. जुन्या लोकरीचा वास येत होता.

"गाणारा मधोमध उभा आहे असं वाटायला हवं ना?" डॉक्टर म्हणाले. "माझा उजवीकडे सरकतो. आधी वाटलं, डावा कान गेला. तपासून आलो. कान ठणठणीत आहेत."

मी खुर्चीत बसून ऐकलं. खरंच सरकत होता. डावीकडचा आवाज कुणी शाल पांघरून ठेवल्यासारखा. मी डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. तरी गाणारा उजवीकडेच. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता. खोलीचा होता, आणि खोलीत तर काही सापडत नव्हतं. खरं सांगते, मला भीती नाही, मजा वाटायला लागली होती.

मग मी खुर्चीच्या जागी मायक्रोफोन उभा केला. स्पीकरमधून एक सूर सोडतात, घरघरीपासून सुरू होऊन शिट्टीपर्यंत चढत जाणारा. तेव्हा खोलीत कुणी थांबायचं नसतं, कारण माणूस आवाज पितो, गादी पाणी पिते तसा. आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहिलो. सूर वाजला, विझला. लॅपटॉपवर आलेख उमटला.

डावीकडे खड्डा होता, म्हणजे तिथला आवाज कुणीतरी पिऊन टाकलेला. असा खड्डा मी शेकडो वेळा पाहिला होता. मोजताना कुणी आत बसून राहिलं की पडतो.

"आत कुणी आहे का?"

"मांजरसुद्धा नाही."

मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. तोच खड्डा, तिथेच. आकडेमोड करून जागा काढली आणि जमिनीवर खडूने खूण केली. डाव्या स्पीकरला अगदी चिकटून, जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत. डॉक्टर त्या खुणेकडे बघत राहिले.

"ताई तिथे बसायची," ते म्हणाले.

त्यांची मोठी बहीण. आईवडिलांची ही दोनच मुलं. सातव्या वर्षी तापात तिची ऐकण्याची शक्ती गेली. डॉक्टर गाणी लावायचे तेव्हा ती जमिनीवर बसून स्पीकरला पाठ टेकवायची. गाणं तिच्या पाठीतून आत जायचं.

"लोक विचारायचे, बहिरीसाठी एवढे महाग स्पीकर कशाला? मी म्हणायचो, कान माझे, पण दाद तिची." ते म्हणाले. "तेव्हाही आवाज उजवीकडे सरकायचा. ती बसलेली असायची ना. तिला जाऊन दीड वर्ष झालं... आणि अजून सरकतो. मुलगा म्हणतो, बाबा, एकटं राहून तुमच्या मनाचे खेळ चाललेत, घर सोडा, आमच्याकडे चला. मी त्याला शब्द दिलाय. मोजून घेतो. काही निघालं नाही, तर येतो."

आता मला वाटलं, हा आकडा मी कुठल्या तोंडाने खरा म्हणू, आणि कुठल्या तोंडाने खोटा?

"डॉक्टर, तुम्ही बसा त्या खुणेवर. बघू काय होतं."

ते गुडघे धरत खाली बसले, पाठ टेकली. मी दाराबाहेर आले आणि सूर सोडला. एकाच जागी दोन माणसं मावत नाहीत, एवढंच मला पाहायचं होतं.

आलेखात डावीकडे एकच खड्डा आला, डॉक्टरांचा. आणि एक नवा खड्डा, मघाशी नसलेला. मायक्रोफोनच्या मागे, उभ्या माणसाएवढा उंच.

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.  

"उठली," ते हळूच म्हणाले. "मला जागा दिली तिने. लहानपणीसुद्धा अशीच द्यायची."

मी खोलीत काहीच बदललं नाही. बदलू नका, असं ते म्हणालेही नाहीत, पण न सांगता कळलं. त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला आणि सांगितलं, "मोजलं. मी इथेच राहतोय."

साधारण महिन्याने त्यांचा फोन आला.

"आवाज मधोमध आला हो," ते म्हणाले. "मी काडीसुद्धा हलवली नाही. आपोआप."

"अगदी मधोमध?"

"अगदी. ताई गेली असावी. बरंच झालं म्हणायचं. आता मुलाकडे जायला हरकत नाही." आवाजात हसू होतं, पण ओढून आणलेलं. "फक्त पूर्वीपेक्षा जरा मऊ वाटतो. वरची धार गेल्यासारखा. वय झालं माझं, दुसरं काय."

मी मनात हिशेब मांडला. ताई उठून गेल्या असत्या, तर डावी बाजू मोकळी होऊन आवाज मधोमध आला असता, हे खरं. पण मग तो उजळला असता. डावीकडची शाल निघाली असती. मऊ होऊन मधोमध यायला एकच वाट आहे. डावीकडे बसलेलं माणूस तिथेच राहायला हवं, आणि उजव्या स्पीकरलाही कुणीतरी तशीच पाठ टेकायला हवी.

"ऐकताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. "सवड झाली की एकदा मोजायला या."

मी हो म्हटलं. अजून गेलेले नाही; उजवीकडे कोण बसलंय, ते मला मोजायचं नाही. ताईंना भावंड एकच होतं, आणि ते फोनवर माझ्याशी बोलत होतं.